फुकटाचा टोल

30 सप्टेंबरच्या रात्री, बारा वाजायला थोडा अवकाश असताना, चीनमधल्या मोठ्या शहरांच्या वेशीवर टोलनाक्यांच्या अलीकडे गाड्या कडेला लावून उभ्या असतात. पुढे अपघात झालेला नसतो, नाका बंद नसतो, कुणाची गाडीही बिघडलेली नसते. सगळे बारा वाजायची वाट बघत असतात. 2012 पासून तिथे चांद्र नववर्ष, पितरांचा छिंगमिंग, कामगार दिन आणि 1 ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन या चार सुट्ट्यांत सात आसनांपर्यंतच्या गाड्यांना द्रुतगती मार्गावर टोल माफ आहे. गाडी मार्गावरून बाहेर कधी पडली, यावर ही माफी ठरते. अकरा अठ्ठावन्नला नाका ओलांडला तर पूर्ण टोल, बारा वाजून एक मिनिटाने ओलांडला तर शून्य. मग कुटुंबच्या कुटुंब सूर्यफुलाच्या बिया सोलत दोन मिनिटांसाठी अर्धा तास बसून राहतं. सकाळ झाली की उरलेला देशही फुकट रस्त्यावर उतरतो आणि रस्ता रस्ता राहत नाही. सवलतीच्या पहिल्याच वर्षी लोक मैलोनमैल अडकले. खाली उतरून कुणी व्यायाम केला, कुणी कुत्रं फिरवलं, कुणी मोकळ्या लेनवर बॅडमिंटनचा डाव मांडला. टोल वाचला, दिवस गेला.

याला मूर्खपणा म्हणून मोकळं होता येईल. पण चिनी शहरी माणूस हिशेबात कच्चा आहे असं ज्याला वाटतं, त्याने तिथल्या एखाद्या आजीबाईंना सकाळच्या मंडईत कोबीचा भाव करताना बघावं. हिशेब चुकलेला नाही, तो वेगळ्या खिशातून चुकता केलेला आहे. प्रवासाचं बिल तिथे तीन खिशांतून भरलं जातं. एकात पैसा असतो, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात स्वतःची हाडं. विद्यार्थ्याकडे हाडं भरपूर असतात, पेन्शनरकडे वेळ, आणि मधल्या नोकरदाराकडे या दोन्हींचा खडखडाट असल्यामुळे नाइलाजाने पैसा. स्वस्त प्रवासाच्या ज्या युक्त्या तिथे अभिमानाने एकमेकांना सांगितल्या जातात, त्यांतल्या बहुतेक युक्त्यांनी बिल कमी होत नाही, फक्त खिसा बदलतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते खोडून काढायला जे पुरावे पुढे केले जातात ते बहुधा माझ्याच बाजूने साक्ष देतात.

त्यासाठी घराबाहेर पडायचीही गरज नाही. 2023 पासून कॉफीच्या साखळी दुकानांत जे भावयुद्ध पेटलं त्यात 9.9 युआनची कॉफी सर्वत्र झाली. एक युआन म्हणजे साधारण बारा रुपये, तेव्हा ही कॉफी पुण्या-मुंबईतल्या काचेच्या दुकानांपेक्षा निम्म्याहून स्वस्त. पण ती मिळवायला ॲप उघडायचं, कूपन शोधायचं, ते आज चालतं का बघायचं, आणि चालत नसेल तर मित्राला एक दुवा पाठवून त्याच्या डोक्याला ताप द्यायचा. घरपोच जेवण मागवताना ठरावीक रकमेवर सूट असते, म्हणून दोन युआन कमी पडले की नको असलेलं उकडलेलं अंडं टोपलीत येतं. 11 नोव्हेंबरचा खरेदीचा महासण 2009 मध्ये सुरू झाला, आणि त्यातली सवलतींची गणितं पुढे इतकी गुंतागुंतीची झाली की ती सोडवणं हा एक स्वतंत्र छंदच बनला. बर्गरच्या एका जगप्रसिद्ध दुकानात तेरा-चौदा युआनला दोन पदार्थांची जोडी मिळते. तिला तरुणांनी ‘दरिद्री भुताचं ताट’ असं नाव ठेवलंय, आणि हे नाव घेऊन ते अत्यंत आनंदाने खायला जातात. ज्येष्ठांची सोय व्हावी म्हणून वस्त्यांमध्ये सरकारी मदतीने स्वस्त खानावळी निघाल्या, तर तिथेही दुपारी गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र घातलेली पंचविशीतली मुलं आजोबांच्या मागे ताट घेऊन उभी. आजोबांना घाई नसते. मुलाला असते, पण घाईचा भाव त्याने आधीच मान्य केलेला असतो.

आता प्रवास. चिनी शहरात पैशापेक्षा दुर्मीळ असलेली एक चीज आहे, ती म्हणजे रजा. 2008 पासून लागू असलेल्या नियमानुसार नोकरीची दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत हक्काची पगारी रजा वर्षाला पाच दिवस, वीस वर्षांपर्यंत दहा दिवस, आणि त्यानंतर पंधरा. म्हणजे पंधरा दिवस निवांत हिंडायची परवानगी मिळते तेव्हा गुडघ्यांची परवानगी संपत आलेली असते. सार्वजनिक सुट्ट्या 2025 पासून दोनने वाढून तेरा झाल्या. त्यांतल्या मोठ्या सुट्ट्या सलग दिसाव्यात म्हणून सरकार जी हातचलाखी करतं ती अभ्यासण्याजोगी आहे. ऑक्टोबरचा सात दिवसांचा ‘सुवर्ण सप्ताह’ 1999 मध्ये सुरू झाला. त्या सात दिवसांत खरी सुट्टी तीन दिवसांची, दोन दिवस तसेही शनिवार-रविवारचे, आणि उरलेले दोन उसने. ते आधीच्या किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी कामावर येऊन फेडायचे. स्वतःचाच रविवार स्वतःलाच सुट्टी म्हणून परत मिळतो आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायचं असतं. या उसनवारीवर तिथे दरवर्षी कडवट विनोद होतात, आणि ते विनोद करणारा माणूस त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत रेल्वेचं तिकीट शोधत असतो. कारण सगळ्यांची सुट्टी एकाच मिनिटाला सुरू होते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्या सात दिवसांत देशांतर्गत 76 कोटी 50 लाख सहली झाल्या. सगळा युरोप आपापली घरं बंद करून एकाच आठवड्यात फिरायला निघाला तरी हा आकडा गाठताना त्याला धाप लागेल.

या गर्दीत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त बघायचा मान निर्विवादपणे विद्यार्थ्यांचा. 2023 च्या वसंतात ‘विशेष सैनिकी पर्यटन’ नावाचा प्रकार गाजला. शुक्रवारी तास संपल्यावर रात्रीची गाडी धरायची, शनिवारी पहाटे परक्या शहरात उतरायचं, दिवसभरात दहा-बारा ठिकाणं उरकायची, रात्री पुन्हा गाडी, आणि सोमवारी सकाळी वर्गात हजर. तीस-चाळीस हजार पावलं ही साधी बाब. हॉटेल नावाच्या गोष्टीला या युद्धनीतीत जागाच नाही. झोप गाडीतल्या हार्ड सीटवर, नाहीतर रात्रभर उघड्या असलेल्या हायडिलाओच्या हॉटपॉट दुकानात टेबलावर डोकं ठेवून, नाहीतर शे-दोनशे युआनमध्ये आंघोळ, जेवण आणि आडवं व्हायला जागा देणाऱ्या स्नानगृहात. ताई पर्वत हा यांचा खास आखाडा. शांदोंग प्रांतातल्या या दीड हजार मीटरहून उंच डोंगराच्या सहा-सात हजार पायऱ्या रात्री चढायच्या, वर भाड्याने मिळणारा जाडजूड लष्करी कोट अंगावर ओढायचा, आणि सूर्योदय बघायचा. 2023 च्या मे महिन्यातल्या सुट्टीत वर जागा उरली नाही, तेव्हा लोकांनी थंडीपासून वाचायला सार्वजनिक स्वच्छतागृहात रात्र काढली. चीनचे सम्राट आकाशाची पूजा करायला ज्या शिखरावर येत, तिथे त्यांच्या वंशजांनी वासाची पर्वा न करता पथारी पसरली. पुढे या डोंगरावर चढताना पायांना बळ देणारी यंत्रं भाड्याने मिळू लागली, शिवाय मोबदला घेऊन सोबतीला चढणारे आणि बॅग उचलणारे तरुणही मिळतात. म्हणजे एका विद्यार्थ्याची हाडं दुसऱ्याने पैसे देऊन वापरायचीही सोय झाली, आणि हाडं हे चलन आहे या माझ्या म्हणण्याला बाजारानेच दर लावून दिला.

तरुणांचं एक घोषवाक्य त्या काळात फार चाललं. तारुण्याला किंमत लावता येत नाही, हार्ड सीटने थेट ल्हासाला, असा त्याचा अर्थ. बीजिंग ते ल्हासा हे अंतर 3,757 किलोमीटर, वेळ चाळीस तास, हार्ड सीटचं भाडं साडेतीनशे युआनच्या आसपास. वाटेत थांगुला खिंडीत गाडी पाच हजार मीटरच्या वर जाते आणि डब्यात प्राणवायू सोडावा लागतो. बाकाची पाठ काटकोनात उभी, समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागलेले, आणि दर तासाला खाऊची ढकलगाडी आणणारा विक्रेता बिअर, शेंगदाणे, बिया, खीर अशी ठरलेली माळ एका दमात ओढत पाय आत घ्यायला सांगतो. चाळीस तास अशा रीतीने बसल्यावर तारुण्याला किंमत लावता येते का हे माहीत नाही, पण माकडहाडाला नक्की येते. याच घोषणेचा धाकटा भाऊ 2024 मध्ये हेनान प्रांतात जन्मला. जून महिन्यात झेंगझोऊच्या चार विद्यार्थिनी भाड्याच्या सायकली घेऊन रात्रीच्या पन्नासएक किलोमीटरवरच्या कायफेंगला गेल्या. कशाला, तर तिथल्या रश्शाने भरलेल्या मोदकासारख्या पावांसाठी. बातमी पसरली. कायफेंगने आधी आनंदाने हात पसरले, विद्यार्थ्यांना प्रेक्षणीय स्थळं फुकट केली. नोव्हेंबरात एका रात्री हजारोंच्या हजारो सायकली त्या रस्त्यावर आल्या आणि दोन शहरांमधला हमरस्ता तुंबला. सायकल कंपन्यांनी मग जाहीर केलं की शहराबाहेर गेलेली सायकल आपोआप कुलूपबंद होईल. याच दोन शहरांमध्ये आंतरशहर रेल्वे आहे, तिला अर्धा तास लागतो आणि तिकीट एका साध्या जेवणाहून जास्त नाही. पण अर्ध्या तासात पोचलेल्या पावाला ती चव नाही, असं ती मुलं म्हणाली असती, आणि त्यांचं बरोबरच आहे. चार तास पॅडल मारल्यावर दगडही रसाळ लागतो.

दुसरा खिसा वेळेचा, आणि तो भरलेला असतो निवृत्तांचा. कारखान्यातल्या बायका तिथे पन्नाशीत आणि कचेरीतल्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होत असत. 2025 पासून हे वय हळूहळू वाढवायला सुरुवात झाली आहे, पण आज रंगीत रेशमी ओढण्या हवेत उडवत फुलझाडांसमोर फोटो काढणाऱ्या मावश्यांची फौज जुन्या वयोमर्यादेचं देणं आहे. यांच्या काटकसरीचं शास्त्र वेगळं. उदाहरणार्थ, शांघायहून सुझोऊला अतिवेगवान गाडी जेमतेम अर्ध्या तासात नेते, तिकीट चाळीसच्या आसपास युआन. 2023 च्या जूनमध्ये सुझोऊची 11 क्रमांकाची मेट्रो सुरू झाली आणि हुआछ्याओ स्थानकावर ती शांघायच्या 11 क्रमांकाच्या मेट्रोला येऊन मिळाली. तेव्हापासून एका महानगरातून दुसऱ्या शहरात मेट्रोने जाता येतं. सुमारे तीन तास लागतात आणि वीस युआनच्या आत काम होतं. यात बचत आहे म्हणावं, तर जुन्या साध्या रेल्वेच्या बाकाचं तिकीटही त्याच भावात, किंबहुना थोडं कमीतच मिळतं, आणि ती गाडी तास-दीड तासात पोचवते. मग मेट्रोने कोण जातं? ज्याला दुपारी चारपर्यंत दुसरं काही करायचं नाही, तो. त्याला वेळ वाचवायचा नसतो, खर्चायचा असतो, आणि गार डब्यात बसून वेळ खर्चायला तीन तासांची मेट्रो दीड तासाच्या गाडीपेक्षा दुप्पट सोयीची.

वेळ आणि पैसा तोलणारा हा काटा किती नाजूक असतो ते शांघायने अजाणता सिद्ध करून दाखवलं. तिथे सत्तरीपुढच्यांना गर्दीच्या वेळा सोडून बस आणि मेट्रो फुकट होती. 2016 च्या जूनमध्ये शहराने ती सवलत काढली आणि तिच्याऐवजी पासष्टीपुढच्या सगळ्यांना रोख भत्ता सुरू केला. ज्याला हिंडायचंय त्याने त्या पैशांत हिंडावं, इतका साधा विचार. पण पैसा हाती पडला आणि बसमधले म्हातारे एकदम कमी झाले. दोन युआनची बस आता खऱ्या दोन युआनची झाली होती. वेळ मुबलक असला तरी त्याच्याबरोबर नाणं टाकावं लागलं की आजोबांना घराजवळची बाग अचानक सुंदर वाटू लागते. बीजिंगमध्ये साठीपुढच्यांना बस अजून फुकट आहे, आणि सकाळच्या गर्दीत भाजीची पिशवी घेऊन तीन थांब्यांपलीकडच्या मंडईत दहा पैशांनी स्वस्त कोबी आणायला निघालेल्या आजीला उभं राहून जागा देणारा कारकून हा तिथल्या विनोदाचा कायमचा विषय आहे.

निवृत्तांचा वेळ विकत घेणारा आणखी एक बाजार आहे, फुकट सहलींचा. प्रवास, हॉटेल, जेवण, सगळं मिळून इतकं स्वस्त की प्रवास कंपनीला तोटाच व्हावा. तो भरून काढायची जबाबदारी अर्थातच दुकानांवर. युनानमध्ये जेड आणि चांदी, दक्षिणेला रेशीम आणि गाद्या, जागोजागी आयुर्वेदाला लाजवतील अशी औषधं. दालनाचा दरवाजा बंद होतो आणि दोन-दोन तास व्याख्यान चालतं. खरेदी न करणाऱ्या प्रवाशांवर गाईड कसे खेकसतात याची चित्रफीत गाजली तेव्हा सारा देश हळहळला. 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू झालेल्या पर्यटन कायद्याने ही पद्धत निषिद्ध केली आहे. ती संपलेली नाही, कारण तिचा मूळ ग्राहक तयार आहे. ज्या आजी मंडईत दहा पैशांसाठी घासाघीस करतात त्या दोन तास जेडचं व्याख्यान शांतपणे ऐकतात आणि काही न घेता बाहेर पडतात. हे अशक्यप्राय कौशल्य ज्यांना जमतं त्यांचा प्रवास खरोखर स्वस्त होतो. ज्यांना जमत नाही त्यांच्या मनगटात एक हिरवं कडं येतं.

उरला नोकरदार. त्याच्या पाच दिवसांच्या रजेत हार्ड सीटने बीजिंगहून शांघायला जायचं तर दीडशे-पावणेदोनशे युआन आणि पंधरा ते वीस तास. अतिवेगवान गाडीने साडेचार तास, पण दुसऱ्या वर्गाचं भाडं अनेक वर्षं 553 युआन होतं. तो मुकाट्याने दुसरा पर्याय निवडतो, आणि त्याचबरोबर चीनच्या शेवयांच्या इतिहासात एक छोटं प्रकरण लिहितो. गाडीत बसून गरम पाणी ओतून खायच्या झटपट शेवयांचा खप 2013 मध्ये 4,622 कोटी पुडे होता, तो 2016 पर्यंत 3,852 कोटींवर आला. घरपोच जेवणाचा त्यात मोठा वाटा आहेच, पण साडेचार तासांत दोनदा भूक लागत नाही हेही कारण दिलं जातं. आता हा मनुष्य मुलाला घेऊन राजधानी दाखवायला निघालाय. राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे, 2008 पासून बहुतेक सरकारी संग्रहालयं फुकट झाली. मात्र आगाऊ नोंदणी करावी लागते. नोंदणी उघडली की क्षणात जागा संपते, कारण कुणीतरी यंत्राने बटणं दाबत असतं. 2023 च्या उन्हाळ्यात फुकटची ही प्रवेशिका दलालांकडून विकत घ्यावी लागत होती. शून्य युआनच्या तिकिटाला काही शे युआन मोजणारा हा माणूस सगळ्या चित्रातला सर्वांत भोळा दिसतो. प्रत्यक्षात एकटा तोच आपलं बिल उघडपणे भरतोय.

आता आक्षेप. पहिला वजनदार आहे. ही सगळी हुशारी मला खिशांच्या खेळासारखी दिसते, पण मुलांजवळ पैसेच नाहीत, म्हणून ती हार्ड सीटवर बसतात, यात तत्त्वज्ञान कसलं? 2023 च्या जूनमध्ये शहरी तरुणांची बेकारी 21.3 टक्क्यांवर गेली आणि पुढच्या महिन्यापासून तो आकडा प्रसिद्ध करणंच काही काळ थांबवलं गेलं, नव्या पद्धतीचा आकडा पुढच्या जानेवारीत आला. याला मी काय उत्तर देणार? यातला अर्धा भाग मान्य आहे. कुठल्या खिशात हात घालायचा ते गरिबीच ठरवते. पण गरिबीच सगळं कारण असती तर माणसं घरी बसली असती, आणि ती बसत नाहीत. 2024 च्या त्याच सुवर्ण सप्ताहात सहलींची संख्या 2019 पेक्षा 10.2 टक्क्यांनी जास्त होती, खर्च मात्र 7.9 टक्क्यांनीच वाढला. म्हणजे निघणारे वाढले आणि डोईमागे पैसा किंचित आटला. कमी पडलेला पैसा कुठून भरला गेला, ते वरच्या स्वच्छतागृहाने सांगितलं आहे. दुसरा आक्षेप असा येतो की रात्रभर सायकल चालवणं ही किंमत नसून मजाच आहे, मग तिला खर्च का म्हणावं? पण खर्च करण्यात मजा येते म्हणून तो खर्च नसतो असं कुठे आहे? सोनं घेणाऱ्यांनाही मजा येतेच. शिवाय ही मजा मुदतीची आहे. विशेष सैनिक पदवी घेतो, नोकरीला लागतो, त्याला वर्षाला पाच दिवस रजा मिळते, आणि एके सकाळी तो 553 युआनची खिडकी उघडतो.

एका ठिकाणी मात्र माझा नियम मोडतो, आणि तो मोडलेला सांगितलाच पाहिजे. सिचुआनच्या लिआंगशान डोंगरातून जुन्या चेंगदू-कुनमिंग रुळांवरून 5633 क्रमांकाची एक संथ गाडी धावते. तिचं तिकीट 2 युआनपासून फार तर 25.5 युआन, आणि ते 1995 पासून वाढलेलं नाही. यी जमातीचे लोक तिच्यातून कोंबड्या, बकऱ्या, डुकरं घेऊन बाजाराला जातात, मुलं शाळेला जातात. अशा लोकोपयोगी संथ गाड्या देशात आजही बऱ्याच चालवल्या जातात. इथे स्वस्त म्हणजे खरंच स्वस्त, कारण त्या शेतकऱ्याला बाजाराला जायचंय, मिरवायचं नाही. माझा मुद्दा शहरी माणसाचा आहे, आणि तो शहरी माणूस आता या गाडीतही चढला आहे. चेंगदूहून विमानाने किंवा वेगवान गाडीने येतो, दोन युआनचं तिकीट काढतो, बकरीशेजारी फोटो काढतो आणि आपण किती स्वस्तात फिरलो ते सांगतो. बकरीचं भाडं त्याने विचारलेलं नसतं.

रजेच्या या टंचाईचा परिणाम डोंगरदऱ्यांवरही झाला. 314 मीटर उंचीचा युनताई धबधबा हेनानमध्ये आहे. 2024 च्या जूनमध्ये एका गिर्यारोहकाने माथ्यावर चढून चित्रण केलं, तर पाणी पाइपमधून येत होतं. उद्यानाने प्रांजळपणे कबूल केलं की कोरड्या दिवसांत पाहुण्यांची निराशा होऊ नये म्हणून थोडी मदत केली जाते, आणि हा खुलासा धबधब्याच्याच तोंडून, प्रथमपुरुषी लिहिला. पुढच्या वर्षी चेंगदूजवळच्या एका ‘हिमग्राम’ प्रकल्पाने नववर्षाच्या सुट्टीत बर्फ न पडल्यामुळे कापूस पसरला आणि साबणाचं पाणी शिंपडलं. लोक चिडले, प्रकल्पाने माफी मागितली. चिडणं योग्यच, पण त्या कापसाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. सुट्टी पावसाळा बघून मिळत नाही आणि बर्फाला मंत्रिमंडळाचं परिपत्रक जात नाही. सगळा देश एकाच आठवड्यात बर्फ बघायला येणार असेल तर निसर्गाला हजेरीपटावर सही करावीच लागणार, आणि तो गैरहजर असेल तर बदली कामगार ठेवावा लागणार.

यावर तिथल्याच तरुणांनी काढलेला तोडगा मला सर्वांत शहाणा वाटतो. ‘उलटं पर्यटन’ म्हणतात त्याला. जिथे बघण्यासारखं काही नाही असं सगळ्यांचं मत आहे, तिथे जायचं. गर्दी नाही, हॉटेल स्वस्त, खाणं चांगलं. हेबेई प्रांताची राजधानी शिजियाझुआंग अशा शहरांत मोडते. 2023 मध्ये त्या शहराने स्वतःला रॉक संगीताची नगरी घोषित केलं, आणि त्यावर देश बराच हसला. पण मराठी माणसाला तिथे बघण्यासारखी एक गोष्ट नक्की आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जे जपानशी चाललेल्या युद्धात चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत असत आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले, त्यांची समाधी आणि पुतळा तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. बीजिंगहून वेगवान गाडीने सव्वा-दीड तास.

जायचंच असेल तर तारीख आधी बघा, तिकीट नंतर. चांद्र नववर्षाचा पंधरवडा, मे महिन्याचा पहिला आठवडा आणि 1 ते 7 ऑक्टोबर सोडून कधीही जा, हा एकच सल्ला बाकीच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त पैसे वाचवेल, आणि तुमच्या रजेचा अर्ज पाच दिवसांपुरता मर्यादित नसेल तर तो पाळणं तुम्हाला परवडेलही. पासपोर्ट हाताशी ठेवा, रेल्वेत तिकिटाच्या जागी तोच तपासतात. उकळतं पाणी गाडीत आणि स्थानकात फुकट मिळतं, भांडं तेवढं आपलं न्या. बीजिंगच्या निषिद्ध नगरीचं तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन आणि एरवी 40, आणि ते आगाऊ नोंदवावं लागतं. सोमवार धरू नका. सुट्टीचा नसेल तर त्या दिवशी ती बंद असते.